नोकरी करता करता कलेचं पदव्युत्तर शिक्षण : खान्देशातल्या शिक्षकांसाठी एक पाठ



शाळेत एखाद्या बाईंनी किंवा सरांनी सांगितलं, की "मी कलेत मास्टर्स करायचं म्हणतोय", तर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो तो असा : "आता कशाला? वेतनवाढ मिळते का त्याची?" दुसरा प्रश्न घरी येतो : "मुलांचा अभ्यास कोण घेणार?" दोन्ही प्रश्न खरे आहेत, त्यांना हसण्यावारी नेऊ नये. पण या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. तो म्हणजे, कलेचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? चित्र काढता येतं, गाता येतं, नाटक बसवता येतं, मग वर आणखी काय?

आजच्या पाठात आपण हेच समजून घेऊ. उदाहरणं शक्यतो आपल्या जळगाव-धुळ्याकडचीच घेऊ.

१) कलेविषयी, कलेसाठी आणि कलेतून

क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टसाठी एक निबंध लिहिला. कलेतल्या संशोधनाचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. ते आपल्या भाषेत असे मांडता येतील :

कलेविषयी संशोधन : म्हणजे कलेचा इतिहास, समीक्षा, सिद्धान्त. उदाहरणार्थ, 'खान्देशातल्या तमाशाचा इतिहास' हा प्रबंध. असा प्रबंध लिहायला ढोलकी वाजवता आलीच पाहिजे असं नाही.

कलेसाठी संशोधन : म्हणजे कलाकृती करण्याआधीची जमवाजमव. ऐतिहासिक नाटक बसवायचं तर पगडी कशी होती, दिवे कसे होते, हे शोधणं.

कलेतून संशोधन : इथे प्रश्नाचं उत्तर शोधण्याची पद्धतच कलाकृती करणं ही असते. चित्र काढल्याशिवाय, गाणं गाऊन पाहिल्याशिवाय ते उत्तर मिळतच नाही.

परदेशात ज्याला सर्जनशील कलाव्यवहाराची पदव्युत्तर पदवी म्हणतात, तिचा गाभा हा तिसरा प्रकार आहे. विद्यार्थी काहीतरी करतो, करताना काय घडलं ते नोंदवतो आणि शेवटी कलाकृती व तिच्याबरोबरचं लेखन असं दोन्ही सादर करतो. फक्त सुंदर चित्र दिलं तर अर्धं काम झालं. फक्त निबंध दिला तरी अर्धंच.

२) अजिंठ्याचा धडा

हे ऐकायला अवघड वाटतं, म्हणून जवळचं उदाहरण घेऊ. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. शाळेच्या सहली आपण तिथे नेतोच.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेला या लेण्या पडल्या. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. त्यांची बरीचशी चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवली होती. १८६६ च्या आगीत ती जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. मधे खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी त्यात होते. यातल्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. उरलेल्या सामग्रीवरून ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

आता यात शिकण्यासारखं काय? ती मुलं फक्त नक्कल करत नव्हती. भिंतीवरची रेषा आपल्या हाताने पुन्हा ओढायची, म्हणजे मूळ चित्रकाराचा हात कुठे जाड झाला आणि कुठे हलका झाला, हे स्वतःच्या मनगटाला कळतं. हिरव्याशेजारी तांबडा का ठेवला, हे तो रंग घोटताना कळतं. पुस्तक वाचून हे ज्ञान मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी, की भिंतीवरचा रंग पुढच्या काळात आणखी खराब होत गेला. त्यामुळे जिथे मूळ पुसट झालं तिथे त्या प्रती पुरावा म्हणून कामाला येतात. करण्यातून ज्ञान तयार झालं आणि ते दुसऱ्याला वापरता आलं. 'कलेतून संशोधन' म्हणतात ते हेच.

आपल्या धुळे जिल्ह्याचा एक धागाही इथे जुळतो. गोंदूर गावात १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार मुंबईला ज. जी. मध्ये शिकले. १८२ मीटर उंचीच्या 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'चे शिल्पकार म्हणून आज त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५४ ते १९५८ या काळात, ते पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते आणि अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम करत होते. नोकरीचे तास होते, पण हात तुटक्या दगडातून शिकत होता. मुलांना सांगताना आपण शेवटचा मोठा पुतळाच सांगतो. मधली चार वर्षंही सांगायला हवीत.

३) बहिणाबाई आणि सोपानदेव : एका पदवीचे दोन भाग

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जातं, चूल, शेत, विहीर यांच्या कामात त्यांची गाणी होत गेली, तीही आपल्या लेवागणबोलीत. त्यांच्यासाठी 'गाणं रचायचा वेळ' असा वेगळा वेळच नव्हता. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी काही गाणी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं.

शिक्षक म्हणून या गोष्टीतून दोन मुद्दे घ्या.

पहिला मुद्दा : 'अर्धवेळ' म्हणजे 'अर्धवट' नव्हे. ज्या कामातून आपला दिवस जातो, तेच काम कलेचं साहित्य होऊ शकतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याकडे स्टुडिओ असतो. तुमच्याकडे चाळीस मुलांचा वर्ग आहे, बोली आहे, पालकसभा आहे, बाजाराचा दिवस आहे. हे साहित्य त्याला मिळत नाही.

दुसरा मुद्दा : जे लिहून ठेवलं नाही ते गेलं. सोपानदेवांची वही नसती तर आज विद्यापीठाच्या दारावर ते नाव नसतं. आणि जी गाणी उतरवलीच गेली नाहीत, ती आपल्याला कधीच भेटणार नाहीत. कलाव्यवहाराच्या पदवीत विद्यार्थ्याला ही दोन्ही कामं एकट्याने करावी लागतात. बहिणाबाईही तुम्हीच आणि वही धरणारे सोपानदेवही तुम्हीच. बहुतेक कलाशिक्षकांना पहिलं काम येतं. अडतं ते दुसऱ्यापाशी. म्हणूनच हे शिक्षण घ्यायचं.

नोंदवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करत राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. धुळ्याच्या शिक्षकाला संशोधनाची शिस्त बघायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

४) जागा नाही, साधनं नाहीत

"आमच्याकडे स्टुडिओ कुठे?" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. त्यावर चाळीसगावच्या केकी मूस यांचं काम बघावं. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. मुंबईत जन्म, शिक्षणासाठी इंग्लंड आणि मग आयुष्यातली कितीतरी दशकं चाळीसगावातल्या आपल्या घरातच. त्यांची 'टेबलटॉप फोटोग्राफी' प्रसिद्ध आहे. टेबलावर रोजच्या साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा पाडायचा, की फोटोत एखादा विस्तीर्ण देखावा दिसावा. जग टेबलाएवढं केलं आणि टेबल जगाएवढं.

पदव्युत्तर पातळीवर याला 'मर्यादा ठरवून काम करणं' म्हणतात. मर्यादा जितकी स्पष्ट, तितका प्रश्न स्पष्ट. "मी निसर्गचित्रं करणार" हा प्रश्नच नाही. "केळीच्या बागेतला दुपारी बाराचा उजेड फक्त दोन रंगांत दाखवता येतो का?" हा प्रश्न आहे. रावेर-यावलकडच्या शिक्षकाला तो शाळेच्या वाटेवर रोज दिसतो.

५) तासांचा हिशेब

आता वेळेचं गणित. इथे भावनेपेक्षा भागाकार उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास धरलेले आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. या मापाने दोन वर्षांचं पूर्ण पदव्युत्तर शिक्षण किमान २४०० तासांचं झालं. ब्रिटनमध्ये मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं, तिथे एका क्रेडिटला १० तास धरतात, म्हणजे १८०० तास.

समजा, २४०० तासांचं काम तुम्ही चार वर्षांत पसरवलं. वर्षाचे ५० आठवडे धरले तर २०० आठवडे. आठवड्याला १२ तास. तीन वर्षांत करायचं तर आठवड्याला १६ तास.

१२ तास कुठून आणायचे? रविवारी सकाळी ५ तास. आठवड्यातले पाच दिवस पहाटे एकेक तास, झाले १०. उरलेले २ तास शनिवारी दुपारी. परीक्षा, निवडणूक ड्यूटी, लग्नसराई यांत आठवडे बुडणारच, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून काढायचे. हे गणित घरच्या सगळ्यांसमोर कागदावर मांडा. रविवारचे ५ तास कुणाच्या वाट्याचे जाणार आहेत, हे आधीच बोललेलं बरं. विशेषतः शिक्षिकांच्या बाबतीत, पहाटेचा तास स्वयंपाकाने खाल्ला की सगळा हिशेब कोसळतो. 'तू शीक, आमची काही हरकत नाही' एवढ्याने भागत नाही. डबा कोण करणार, हे ठरलं तरच परवानगीला अर्थ आहे.

आणि १२ तास निघतच नसतील तर तसं स्पष्ट मान्य करा. एक वर्ष थांबून, आधी फक्त पहाटेचा तास जमतो का, हे बघणं शहाणपणाचं.

६) प्रवेशाआधी काय तपासायचं?

आपल्याकडे नोकरी सांभाळून कला शिकण्याची सर्वांत जुनी वाट संगीतात आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गावोगावचे नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकार. क्रियात्मक आणि शास्त्र, दोन्ही. याखेरीज नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) यांच्याकडे नोकरदारांसाठी अभ्यासक्रम असतात. ते दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच बघा. कुणाच्या तोंडी माहितीवर फी भरू नका.

चार गोष्टी लेखी तपासा :

एक, मान्यता. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर त्या वर्षासाठी, त्या विषयासाठी यूजीसीची मान्यता आहे का? प्रात्यक्षिक असलेले सगळेच विषय दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि अभ्यासक्रमाला असणं वेगळं.

दोन, प्रात्यक्षिक. ते कुठे, किती दिवस, कोण घेणार? जळगाव-धुळे एसटीने एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर आहे. जाऊन-येऊन रविवार संपला. तो प्रवास १२ तासांच्या हिशेबात धरा.

तीन, परवानगी. सेवेत असाल तर उच्च शिक्षणाची पूर्वपरवानगी आधी घ्या आणि पत्राची प्रत जपून ठेवा. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

चार, समकक्षता. हे प्रमाणपत्र नोकरीसाठी पदव्युत्तर धरतात का? धरत नसले तरी शिकायला हरकत नाही, पण ते माहीत असून शिकावं.

एक सोयीची गोष्टही सांगते. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला वाट मोकळी केली आहे, अर्थात नियमांच्या चौकटीत.

७) एक नमुना प्रकल्प : आखाजीची गाणी

समजा, पारोळ्याकडच्या एका शाळेतल्या संगीताच्या बाईंनी विषय घेतला : 'झोक्यावरचं आखाजीचं गाणं स्टेजवर आलं की त्यात काय बदलतं?' माहेरवाशिणी झोक्यावर म्हणतात ती अहिराणी गाणी स्नेहसंमेलनात आपण नेहमीच बसवतो. मग यात संशोधन कुठे आलं?

पहिला टप्पा : गाणं जिथे होतं तिथे ऐकणं. कोण सुरू करतं, कोण उचलतं, झोका वर जाताना शब्द कुठे लांबतो.

दुसरा टप्पा : स्वतः झोक्यावर बसून म्हणून पाहणं. हा अजिंठ्याच्या मुलांचा धडा. झोक्याची लय श्वासाला कशी बांधते, हे खुर्चीत बसून कळत नाही.

तिसरा टप्पा : तेच गाणं झोका नसलेल्या स्टेजवर, पेटी-तबल्यासह तीन प्रकारे बसवणं. प्रत्येक वेळी काय हरवलं आणि काय मिळालं याची त्याच रात्री नोंद.

चौथा टप्पा : गाणाऱ्या बायांनाच ते दाखवणं. त्या म्हणाल्या, "हे आमचं नाही", तर तेही उत्तरच आहे. ते प्रबंधात यायला हवं.

अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दोन प्रकारचा विचार सांगितला : काम करता करता होणारा आणि काम झाल्यावर होणारा. तिसऱ्या टप्प्यात पहिला होतो, रात्रीच्या नोंदीत दुसरा.

पण खरी कसोटी पुढे आहे. हे गाणं कुणाचं? पदवी बाईंना मिळणार, टाळ्या मुलींना मिळणार. ज्या आजीने गाणं दिलं तिला काय? रेकॉर्डिंगआधी तिला विचारलं का? तिचं नाव छापायला तिची हरकत आहे का, की नाव हवंच आहे? घरचं दुःख सांगणारी ओळ तिला स्टेजवर नको असेल तर? लोकगीताला 'पारंपरिक' असं लेबल लावलं की आपण मोकळे होतो. बहिणाबाईंची गाणीसुद्धा 'जात्यावरची पारंपरिक गाणी' म्हणून छापता आली असती. ती बहिणाबाईंच्या नावाने आली, म्हणून आपल्याला एक कवयित्री मिळाली. आपल्या प्रत्येक गावात अशी एखादी आजी असेल, या जाणिवेनेच वही उघडा.

८) वर्गाला काय मिळतं?

असं शिक्षण घेणारा शिक्षक मुलांचं चित्र वेगळ्या नजरेने बघतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक त्या परीक्षांना मुलांना बसवतात. त्यात गैर काही नाही. पण ग्रेड शेवटच्या कागदाला मिळते. मधले खोडलेले पाच कागद मुलगा फेकून देतो. ते फेकू देऊ नका. शेवटच्या चित्रामागे ते टाचून ठेवा आणि मुलाला दोन ओळी लिहायला सांगा : 'इथे मी काय बदललं? का?' दुसरी-तिसरीतल्या मुलांकडून हे तोंडी घ्या.

पालकांनो, तुमच्यासाठी एवढंच. आई किंवा वडील पहाटे उठून स्वतःचा अभ्यास करताना दिसले, तर मुलाला अभ्यासावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. आणि उद्या मुलगी म्हणाली, "मला कलेत पुढे शिकायचं आहे", तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. विचारा, "तुला कोणता प्रश्न पडलाय?" प्रश्न सांगता आला तर तिला मदत करा. नाही सांगता आला, तर तिला वही द्या आणि वर्षभर वाट बघा.

करून पाहा (शिक्षकांसाठी स्वाध्याय)

१. तुमच्या शाळेच्या वाटेवर दिसणारी, ऐकू येणारी एक गोष्ट निवडा. तिच्याविषयीचा एक प्रश्न असा लिहा, की ज्याचं उत्तर फक्त काही करूनच मिळेल.

२. पुढचे चार आठवडे तुमचे मोकळे तास प्रत्यक्ष मोजा. अंदाज नको, रोज वहीत आकडा लिहा.

३. एक गाणं, चित्र किंवा प्रसंग तीन प्रकारे करा. प्रत्येक वेळी पाच ओळी लिहा.

४. गावातल्या एका कलावंताला भेटा. भेटण्याआधी ठरवा : त्यांच्याकडून काय घेणार आणि त्यांना काय परत देणार?

चार आठवड्यांनी वही उघडा. तास निघाले असतील आणि प्रश्न अजून छळत असेल, तर प्रवेशाची चौकशी करायला हरकत नाही. प्रश्न विरून गेला असेल तर फी वाचली असं समजा आणि नवा प्रश्न शोधा. दोन्हीत तुमचं नुकसान नाही.